दुःखाच्या दिवसांत गाणी-सिनेमे: मन मोकळं होतं की आणखी जड?

मोगरी

नमस्कार मंडळी.

आपल्याकडे घरात कुणी गेलं की तेरा दिवस रेडिओ-टीव्ही बंद असतो. काही घरांत तर वर्षभर करमणूक नको म्हणतात, भजन तेवढं चालतं. उलट हल्ली सल्ला मिळतो तो असा: एखादा रडवणारा सिनेमा बघ, मोकळी होशील. दोन्हींत तथ्य असणार, पण कुठे आणि किती, याचा उलगडा होत नाही.

म्हणून विचारते. रडू येतं ते कथेने, सुरांनी की मांडणीने? रडल्यावर खरंच हलकं वाटतं का? आणि घरातल्या शोकात असलेल्या, आजारी किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी गाणी-सिनेमे वापरायचे असतील तर कोणते, कोणत्या वेळी, किती वेळ? काय टाळायचं?

संगीताची थोरवी सगळ्यांनाच मान्य आहे. त्यापुढचं, उद्या घरी करता येईल असं काही लिहा, ही विनंती.

रसिक७१

उत्तम विषय. वाचत राहणार.

उपचारिका

मोगरीताई, मधल्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे.

नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना दोन करुण चित्रपट दाखवले आणि त्यांची मनःस्थिती चारदा मोजली: आधी, संपल्या संपल्या, २० मिनिटांनी आणि ९० मिनिटांनी. जे रडले नाहीत त्यांच्यात फारसा फरक पडला नाही. जे रडले त्यांना सिनेमा संपल्याबरोबर आधीपेक्षा वाईट वाटत होतं. २० मिनिटांनी ते मूळ पातळीवर आले आणि ९० मिनिटांनी सिनेमा सुरू करण्याआधीपेक्षाही बरं वाटू लागलं.

म्हणजे हलकं वाटतं, पण लगेच नाही. घरी चूक होते ती इथेच. रात्री साडेअकराला सिनेमा संपतो, डोळे पुसून माणूस थेट अंथरुणावर पडतो, आणि ती सर्वांत वाईट वीस मिनिटं अंधारात एकट्याने काढतो. मग झोप येत नाही आणि दुसऱ्या दिवशी "उगाच बघितला" असं वाटतं.

म्हणून असा सिनेमा संध्याकाळी पाचच्या सुमाराला लावा. संपल्यावर दीड-दोन तास जागं राहण्याजोगं साधं काम हाताशी असू द्या: भाजी निवडणं, चहा, अंगणात फेरी. फोन लांब ठेवा. "का रडलीस?" असं लगेच कुणी विचारू नये, नुसतं शेजारी बसावं.

शंकासुर

अभ्यास ठीक आहे, पण प्रयोगशाळेत रडणारा माणूस धडधाकट असतो. ज्याच्या घरात परवाच मृत्यू झालाय त्याला हे कसं लागू होईल? शोक ताजा असताना रडवणारा सिनेमा दाखवणं मला तरी क्रूर वाटतं.

रसिक७१

शंकासुर यांच्याशी सहमत. याचं उत्तर आपल्या शास्त्रात आधीच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनीचं सूत्र सगळ्यांना माहीत आहे: विभाव (भावनेचं कारण), अनुभाव (तिची बाहेर दिसणारी खूण) आणि व्यभिचारी भाव (येणारे-जाणारे भाव) यांच्या संयोगातून रसनिष्पत्ती. पुढे त्याचा भाष्यकार अभिनवगुप्त याने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यांतली दोन या धाग्यासाठी महत्त्वाची. एक म्हणजे आपल्याच सुखदुःखात बुडालेलं असणं. त्याचा शब्द आहे 'निजसुखादिविवशीभाव'. दुसरं म्हणजे समोरचं दुःख 'माझंच' किंवा 'त्या अमक्याचंच' म्हणून बघणं, विशिष्ट स्थळकाळाला बांधून टाकणं. या बांधलेपणातून दुःख सुटलं की त्याचा करुणरस होतो. सुटलं नाही तर ते नुसतं दुःखच राहतं.

वडील नुकतेच गेलेल्या मुलाला वडिलांच्या मृत्यूचा सिनेमा दाखवला तर त्याला रस मिळणार नाही, जखमेवरची खपली निघेल. तोच मुलगा आई-मुलीच्या ताटातुटीची गोष्ट बघून रडेल, आणि ते रडणं त्याच्या कामी येईल. दुःखाची जात तीच, पण प्रसंग वेगळा, काळ वेगळा, शक्यतो गावही वेगळं. निवड अशी करावी.

पहिल्या विघ्नावरचा त्याचा उपायही बघण्यासारखा आहे: आधी गायन-वादन आणि रंगमंडपाची शोभा, म्हणजे मन स्वतःतून थोडं बाहेर येतं. सांगायचं इतकंच की ताज्या शोकात सूर आधी यावेत, कथा नंतर.

उपचारिका

रसिक७१, तुमचा प्रतिसाद फार आवडला. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ थॉमस शेफ यांनी १९७९च्या आपल्या पुस्तकात हेच अंतराच्या भाषेत मांडलंय. प्रसंग फार जवळचा असेल तर माणूस त्यात बुडतो, फार लांबचा असेल तर काहीच हलत नाही. मधल्या टप्प्यावर, आपण बघतोय ही जाणीव शिल्लक असताना येणारं रडू मोकळं करतं.

घरच्या घरी ओळखायची खूण अशी: रडता रडता माणूस एखादं वाक्य बोलू शकतो, पाणी मागू शकतो, पडद्यावरच्या पात्राबद्दल काही म्हणू शकतो, तर अंतर ठीक आहे. नजर शून्यात गेली, श्वास उथळ आणि भरभर झाला, हातपाय गार पडले, तर सिनेमा बंद करा, दिवा लावा, त्या माणसाला नावाने हाक मारा.

दृश्यबंध

मोगरीताईंचा पहिला प्रश्न संकलनाच्या टेबलावरचा आहे, तो मी घेतो.

रडू कथेमुळे येतं हे अर्धंच खरं. संशोधक वर्षानुवर्षं एक तुकडा वापरत आलेत: १९७९च्या 'द चॅम्प' या अमेरिकी चित्रपटातला शेवट, मुष्टियोद्ध्या बापाच्या मृतदेहाशी रडणारा लहान मुलगा. ग्रॉस आणि लेव्हेन्सन यांनी १९९५ साली भावना जागवणाऱ्या तुकड्यांची जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात दुःखासाठीचा हा तुकडा आहे. लांबी तीन मिनिटांच्याही आत. मागची सगळी गोष्ट माहीत नसलेली माणसंही तो बघून हलतात.

का, ते बघा. मुलाचा चेहरा जवळून आणि सलग दिसतो. चेहऱ्यावर भाव उमटायला, वाढायला आणि फुटायला काही सेकंद लागतात. तो वाढत असतानाच कापलं की बघणाऱ्याचं रडू घशातच अडतं. मालिकांमध्ये नेमकं हेच होतं. एका रडणाऱ्या चेहऱ्यावरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या, प्रत्येकावर धाडधाड झूम, आणि मागे व्हायोलिनचा पूर. प्रेक्षकाला स्वतःचं काही करायला जागाच उरत नाही.

दुसरी गोष्ट पार्श्वसंगीत कधी शिरतं ही. पात्राला दुःख कळायच्या आधीच सूर आले तर "आता रडा" असा हुकूम वाटतो. पात्र कोसळल्यावर, एक श्वास जाऊ देऊन आले तर ते आधार देतात. आणि कधी कधी सूर काढूनच टाकायचे असतात. 'सैराट'चा शेवट आठवा: अजय-अतुलच्या भरगच्च वाद्यमेळाने सगळा सिनेमा भरलेला, आणि शेवटी ते रक्ताचे पाय उमटवत चालणारं पोर येतं तेव्हा आवाजच नाही. सभागृहात कान स्वतःच्या श्वासावर येतो. आधीचे अडीच तास संगीत इतकं नसतं तर ती शांतता इतकी बोचली नसती.

निळावंती

खरंय. तो शेवट बघून मन हलकं मात्र होत नाही, पोटात गोळा येतो. तेही सिनेमाचंच काम.

दृश्यबंध

निळावंती, बरोबर, आणि म्हणूनच शोकातल्या माणसाच्या यादीत तो बसत नाही. अस्वस्थ करणारा शेवट आणि मोकळं करणारा शेवट यांतला फरक असा: मोकळं करणाऱ्यात आघातानंतर काही मिनिटं शिल्लक असतात. कुणी तरी पुन्हा चूल पेटवतं, गाडी सुटते, पोर शाळेत जातं. घरच्यांसाठी निवडताना आपण आधी एकदा शेवटची पंधरा मिनिटं बघून घ्या. आघातावरच पडदा पडत असेल तर तो सिनेमा सध्या बाजूला ठेवा.

जाता जाता टीव्हीबद्दल, कारण अर्धा परिणाम तिथे वाया जातो. सेटिंगमध्ये 'मोशन स्मूदिंग' किंवा तसल्या नावाची सोय चालू असेल तर बंद करा, तिच्यामुळे सिनेमाला मालिकेसारखी गुळगुळीत हालचाल येते. आवाज टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल आणि संवाद पुटपुटल्यासारखे, संगीत मात्र अंगावर येणारं असेल, तर तक्रार बहुतेक वेळा एकच: सहा वाहिन्यांचा आवाज दोन स्पीकरांत कोंबला जातोय. सिनेमाच्या ध्वनीच्या पर्यायात 'स्टीरिओ' असेल तो निवडा. 'नाइट मोड' दिवसा बंद ठेवा. तो हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करतो, म्हणजे दिग्दर्शकाने राखलेली शांतता भरून टाकतो. पंखा एकवर.

टाळकरी

सिनेमाचं चाललंय ते उत्तमच. पण मूळ प्रश्नात एक वाक्य होतं, की दुःखाच्या घरी भजन चालतं. ते का चालतं याचा विचार झाला पाहिजे.

वारकरी भजनाची बांधणी बघा. आधी 'जय जय राम कृष्ण हरी'चा गजर, मग रूपाचा अभंग, मग पुढचे. सुरुवात संथ. म्हणणारा एक चरण म्हणतो, मागचे टाळकरी तोच उचलतात. म्हणजे ज्याचा गळा दाटलाय त्याने नाही म्हटलं तरी चरण पडत नाही, आणि दोन आवर्तनांनंतर तोही धरतो. भजनी ठेका आठ मात्रांचा, टाळ त्यावर. हात चालतात, मान डोलते, श्वास चरणाच्या लांबीला बांधला जातो. मग लय वाढते, एका टोकाला जाते आणि सगळे एकदम थांबतात. या अख्ख्या प्रवासात कुणी दुःखी माणसाकडे बघत बसत नाही, पण सगळे त्याच्या सोबत असतात.

शोकात मौन पाळायचं आणि भजन चालू ठेवायचं, यात विसंगती नाही. बसून ऐकायची करमणूक नको, सगळ्यांनी मिळून म्हणायचं हवं.

पैलतीर

टाळकरीबुवा, +१. तुमच्या श्वासाच्या मुद्द्याला जोड देतो. इटलीतल्या लुचिआनो बेर्नार्दी यांच्या गटाने २००१ साली जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि तिबेटी मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला. दोन्हींत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला. या गतीला श्वास, हृदयाची गती आणि रक्तदाब यांची लय जुळते. याच गटाने २००६ साली वेगवेगळी गाणी ऐकवून बघितली. जलद गाण्यांनी श्वास आणि नाडी वाढली, हे अपेक्षितच. पण मध्ये दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, तिच्यात नाडी आणि रक्तदाब ऐकायला बसण्यापूर्वीपेक्षाही खाली गेले.

तेव्हा यादी लावताना गाण्यांच्या मध्ये दोन मिनिटं मोकळी सोडा. फोनवर कोरी ध्वनिफीत करून यादीत टाकता येते. आणि ऑटोप्ले बंद. करुण अभंग संपला न संपला तोच प्रेशर कुकरची जाहिरात सुरू झाली की केलेलं सगळं पाण्यात. गाणी उतरवून घेऊन विमान मोडवर लावा.

शंकासुर

एक स्पष्ट विचारतो. अमुक राग रक्तदाबावर, तमुक डोकेदुखीवर, असे तक्ते फिरतात. त्यात काही अर्थ आहे?

टाळकरी

जुन्या जाणत्यांनी सांगितलंय ते सगळंच टाकाऊ कसं असेल?

खर्ज

टाळकरी, टाकाऊ नाही, पण तक्ता चुकीचाच आहे. रागाला आजार चिकटवता येत नाही. तोच दरबारी विलंबितात एका गळ्यातून आला तर छातीवर हात ठेवल्यासारखा वाटतो, आणि द्रुत तराण्यात तोच राग खडबडून जागं करतो. लय, पट्टी, आवाजाचा पोत, ऐकणाऱ्याची ओळख, हे सगळं सोडून नुसतं नाव घेऊन काय होणार? या तक्त्याच्या भरवशावर कुणी रक्तदाबाची गोळी सोडली तर ते धोक्याचं आहे.

पण रागाच्या आत भाव कसा तयार होतो, हे मात्र नेमकं सांगता येतं. मारवा घ्या. पंचम वर्ज्य, म्हणजे 'प' लागतच नाही. कोमल रिषभ, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत. तानपुऱ्याची पहिली तार एरवी पंचमात असते, ती इथे निषादात लावतात, म्हणजे पायाखालची भक्कम जमीनच काढून घेतली. त्यावर गायक कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर मुक्काम करतो आणि षड्ज, म्हणजे घरचा स्वर 'सा', टाळत राहतो. कानाला घर माहीत असतं, तानपुरा ते सारखं ऐकवतही असतो, पण गाणं घरी येत नाही. संध्याकाळची ती हुरहुर इथून येते. आणि चार-पाच मिनिटांनी षड्ज लागतो तेव्हा ऐकणाऱ्याचा रोखलेला श्वास सुटतो. हे मुद्दाम बघा: आलाप सुरू असताना स्वतःच्या श्वासाकडे लक्ष ठेवा, षड्जाला तो आपोआप बाहेर पडेल.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ साली श्रोत्यांना गाण्यातल्या नेमक्या जागा दाखवायला सांगितल्या होत्या. पाश्चात्त्य संगीतात रडू येण्याच्या जागा बऱ्याचदा अशा निघाल्या, जिथे एक विसंवादी स्वर क्षणभर रेंगाळतो आणि मग शेजारच्या स्वरावर उतरतो. अंगावर काटा मात्र अचानक अनपेक्षित स्वरसंगती आली की येतो. आपल्याकडे दरबारीतला आंदोलित (हलवत घेतलेला) गंधार, कणस्वर (शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) यांचं कामही रेंगाळून उतरण्याचंच.

रसिक७१

खर्ज, वा! भरताने आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातलं शरीरावर उमटण्याच्या खुणा, सांगितलेत: स्तंभ (थिजणं), स्वेद (घाम), रोमांच (काटा), स्वरभंग, वेपथू (कंप), वैवर्ण्य (रंग उडणं), अश्रू, प्रलय (मूर्च्छा). त्यांतले रोमांच आणि अश्रू तुम्ही वेगवेगळ्या कारणांनी दाखवलेत.

पैलतीर

रोमांचावर आणखी एक. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने २०११ साली दाखवलं की आवडत्या गाण्याला काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि तेही दोन टप्प्यांत: ती जागा येणार या अपेक्षेत एका भागात, जागा आल्यावर दुसऱ्या भागात. म्हणून ओळखीचं गाणं हजाराव्यांदाही चालतं. येणारी जागा माहीत असते म्हणूनच चालतं.

आणि ज्यांना गाण्याने काहीच होत नाही अशी माणसंही असतात. बार्सिलोनातल्या संशोधकांनी त्यांचा अभ्यास केलाय. बाकी सुखं त्यांना नीट अनुभवता येतात, फक्त संगीत पोचत नाही. घरात असं कुणी असेल तर त्याच्यावर गाणी लादू नका, त्याला सिनेमा द्या, नाही तर बागेत न्या.

मोगरी

खूपच मोलाची माहिती मिळतेय. सगळ्यांचे आभार. स्मृतिभ्रंशाबद्दल कुणी लिहाल का?

उपचारिका

लिहिते. इथे नेमकेपणा सर्वांत जास्त लागतो.

अल्झायमरमध्ये (हा स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार) मेंदूचे बरेच भाग झिजतात तरी ओळखीच्या सुरांची आठवण सांभाळणारे भाग तुलनेने उशिरा बिघडतात. म्हणून मुलाचं नाव न आठवणारी आजी ओवी पुरी करते. गाणी निवडायची ती तिच्या साधारण पंधरा ते पंचवीस वयातली. जन्मसाल काढा आणि हिशेब करा. १९४० च्या आगेमागे जन्मलेल्यांसाठी 'गीतरामायण' हक्काचं: १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर ते पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक असं येत होतं, गदिमांचे शब्द आणि बाबूजींची चाल, एकूण ५६ गीतं. पण ती व्यक्ती कारवारची, बडोद्याची किंवा गिरणगावातली असेल तर तिथे काय वाजत होतं ते शोधा. तुमच्या आवडीची गाणी तिच्या कामाची नाहीत.

वेळ: परिचर्या-संशोधक लिंडा गर्डनर यांची पद्धत साधी आणि चांगली आहे. आठवडाभर वहीत टिपा की अस्वस्थता कधी वाढते. पुष्कळांची दिवेलागणीला वाढते. त्याच्या अर्धा तास आधी गाणी लावायची आणि अर्धा तासच ठेवायची. अस्वस्थता वाढून बसल्यावर लावलं तर गाण्याचाही गोंगाट होतो.

कानात घालायचे इअरफोन नकोत, ते टोचतात आणि घाबरवतात. छोटा स्पीकर समोर, हाताच्या अंतरावर, दिसेल असा ठेवा. मागून आवाज आला की माणूस दचकतो. कपाळाला आठ्या, हात चोळणं, उठून दाराकडे जाणं दिसलं की गाणं बदला, दोनदा बदलून फरक नाही पडला तर बंद करा. एखादं गाणं गेलेल्या माणसाशी जोडलेलं असतं, ते वहीत लाल शाईने लिहून यादीतून काढा.

निळावंती

उपचारिका, ओवीचा उल्लेख केलात म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आज त्यांतल्या पुष्कळ 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. आई गेल्याचं, भाऊ न आल्याचं, सासुरवासाचं दुःख त्यांत आहे. पहाटेची वेळ, घर झोपलेलं, दोघी समोरासमोर, खुंट्यावर दोघींचा हात. दगडाच्या घरघरीत बाहेर काही ऐकू जात नाही, म्हणून जे चुलीपाशी बोलता येत नाही ते इथे बोलता येतं. एक ओळ म्हणते, दुसरी धरते. टाळकरींनी सांगितलेलं सगळं इथे आहे, फक्त प्रेक्षक कुणीच नाही.

ज्या आजींनी जातं ओढलंय त्यांना नुसती ओवी ऐकवण्यापेक्षा हाताला काहीतरी द्या. वाटीभर तांदूळ निवडायला दिले तरी हात लयीत येतो आणि मागोमाग शब्द.

मांडवीकाठ

गोंयातला एक दाखला देतो. आमच्या मांड्याची, म्हणजे मांडो या कोकणी गीतप्रकाराची, मैफल संथ सुरू होते. विरहाचं, प्रीतीचं, हुरहुरीचं गाणं, सोबत घुमट आणि व्हायोलिन. पण मांड्यावर थांबत नाहीत. मागोमाग दुल्पदं, म्हणजे जलद लयीची गाणी, येतात, लय चढत जाते, शेवटी सगळ्यांचे पाय ठेका धरतात. आधी दुःखाच्या शेजारी बसायचं, मग हात धरून उठवायचं, अशी ही रचना आहे.

उपचारिका

मांडवीकाठ, अगदी नेमका दाखला! संगीतोपचारात हेच तत्त्व १९४०च्या दशकात अमेरिकी डॉक्टर आयरा आल्टशुलर यांनी मांडलं: रुग्णाची आत्ताची मनःस्थिती जशी आहे तशाच संगीताने सुरुवात, मग हळूहळू जिथे न्यायचंय तिकडे. उदास माणसाला पहिलंच गाणं उडतं लावणं ही सर्रास होणारी चूक. तो चिडतो किंवा आणखी एकटा पडतो.

साधारण पंचवीस मिनिटांची यादी अशी लावा: पहिली दोन गाणी त्याच्या मनाशी जुळणारी, संथ, कमी वाद्यांची. मधली दोन त्याच पट्टीतली पण किंचित मोकळी, शब्दांत निसर्ग किंवा प्रवास असलेली. शेवटची दोन मध्यलयीतली, ज्यांचं ध्रुपद सोबत म्हणता येईल. घाबरलेल्या, धडधड होणाऱ्या माणसाला उलट क्रम: आधी त्याच्या गतीचं, मग संथ होत जाणारं.

आणि एक इशारा. तेच तेच विचार उगाळत बसायची सवय असलेल्यांना दुःखी गाणी बाधतात. ऐकून झाल्यावर ते जास्त खचलेले दिसतात, तरी पुन्हा तेच लावतात. एकच गाणं लूपवर, खोली बंद, जेवण नाही, असं दिसलं तर यादी बदलणं पुरेसं नाही. झोप उडाली, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवला, तर डॉक्टरकडे न्या. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

शंकासुर

हे वाचून समाधान झालं. पक्षाघातात गाण्याचा उपयोग होतो म्हणतात, ते तरी खरं का?

पैलतीर

बऱ्याच अंशी. हेलसिंकीत २००८ साली झालेल्या अभ्यासात पक्षाघातानंतरच्या रुग्णांचे तीन गट केले: एकाला रोज किमान तासभर स्वतःच्या आवडीचं संगीत, दुसऱ्याला ध्वनिपुस्तकं, तिसऱ्याला काही नाही. दोन महिने. संगीताच्या गटाची शब्दस्मृती आणि एकाग्रता जास्त सुधारली आणि उदासी कमी राहिली. औषधं-व्यायाम सगळ्यांचेच चालू होते, संगीत त्यांच्या जोडीला होतं.

उपचारिका

आणि वाचा गेलेल्यांसाठी सुरावर बोलण्याची पद्धत १९७३ पासून आहे. डाव्या मेंदूला इजा झालीय, समजतं पण शब्द फुटत नाही, अशांसाठी. 'पाणी दे' हे शब्द घ्या. दोनच स्वर, एक उंच, एक खाली. रुग्णाचा डावा हात धरून प्रत्येक अक्षराला टेबलावर एक टिचकी. आधी आपण नुसतं गुणगुणायचं, मग दोघांनी मिळून म्हणायचं, मग अर्ध्यात आपण थांबायचं, मग त्याने एकट्याने, आणि शेवटी "काय हवं?" विचारल्यावर त्याने तेच सुरात उत्तर द्यायचं. पुढे सूर पुसट करत बोलण्याकडे आणतात. सुरुवात वाचोपचार तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करा. किती वेगाने पुढे जायचं ते त्यांनाच कळतं.

खर्ज

ऐकवायच्या साधनाबद्दल राहिलं. पुरुषी काळी एक पट्टीचा तानपुरा घेतला तर जोडाच्या तारा १३९ हर्ट्झच्या आसपास आणि खर्ज ६९ च्या. फोनच्या इवल्या स्पीकरमधून हे खालचं काही बाहेर पडत नाही. पखवाजाच्या धुमेला (डाव्या, खर्जाच्या तोंडाला) कणीक लावून जो घुमारा काढलेला असतो तोही गायब. उरतो तो किरकिरा वरचा भाग, आणि मग लोक म्हणतात शास्त्रीय ऐकून डोकं दुखतं. मुठीपेक्षा मोठा, लाकडी खोक्याचा स्पीकर घ्या, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा.

आवाज मर्यादेत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. शेजारी बसून साध्या आवाजात बोललेलं ऐकू येत असेल तर ठीक चाललंय.

दृश्यबंध

एकत्र बघण्याबद्दल कुणी लिहिलं नाही. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०१६ साली लोकांना एक शोकान्त टीव्हीपट दाखवला, दुसऱ्या गटाला साधे माहितीपट. आधी आणि नंतर सगळ्यांना भिंतीला पाठ टेकून, गुडघे काटकोनात वाकवून, खुर्चीविना बसायला लावलं. शोकान्त बघितलेले नंतर जास्त वेळ कळ काढू शकले, आणि अनोळखी सहप्रेक्षकांविषयी त्यांना जवळीक वाटू लागली. म्हणून शक्यतो एकट्याला लॅपटॉप देऊ नका. दोघं-तिघं बसा, एकाच बाजूला तोंड करून. समोरासमोर नको, रडणाऱ्याला आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटता कामा नये.

मोगरी

सगळं वाचून काढलं. घरच्यासाठी जुळवणी अशी करतेय, चुकत असेल तर सांगा. पहिले तेरा दिवस फक्त भजन, जमेल त्याने म्हणायचं. पुढचा महिनाभर संध्याकाळी पंचवीस मिनिटांची यादी, मध्ये शांतता. त्यानंतर, मागितला तर, वेगळ्या प्रसंगाचा सिनेमा, पाच वाजता, तिघांनी बसून. श्रवणयंत्र असेल तर काय करायचं?

टाळकरी

जुळवणी छान आहे. एकच: भजनाला शेजारच्यांना बोलवा, घरातल्या तेवढ्या चौघांनी ठेका उभा राहत नाही.

उपचारिका

तेरा दिवस-महिना हे ढोबळ धरा, माणूस मागे-पुढे होतो. श्रवणयंत्र बोलणं ऐकण्यासाठी जुळवलेलं असतं, त्यामुळे तानपुरा आणि टाळ त्यातून थरथरत, सूर फिरल्यासारखे ऐकू येतात. ते लावून देणाऱ्या तज्ज्ञाकडून 'संगीत' हा वेगळा कार्यक्रम टाकून घ्या. बहुतेक यंत्रांत ती सोय असते आणि बटण दाबून बदलता येते. बदलल्यावर आधी ओळखीचं एकच गाणं लावून विचारा की आवाज बरोबर येतोय का. संपलं की परत बोलण्याच्या कार्यक्रमावर आणायला विसरू नका, नाही तर जेवायला हाक मारलेली ऐकू जाणार नाही.